पार्सलने मागवलेली फलित अंडी: २४ पैकी दोनच पिल्लं का निघाली आणि पुढच्या वेळी काय करायचं

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की तुम्ही पुण्यात धायरीला गच्चीवर कोंबड्या पाळता, एप्रिलमध्ये तमिळनाडूतल्या एका पाळणाऱ्याकडून कडकनाथची २४ फलित अंडी कुरियरने मागवली, पोचायला चार दिवस लागले, आली त्याच संध्याकाळी उबवणीच्या मशीनला लावली आणि निघाली दोन पिल्लं. तुम्ही म्हणता अंडी फलित नव्हतीच, तो म्हणतो तुमचं मशीन बाद आहे. आता कोल्हापूरकडच्या एकाकडून परत घ्यायची आहेत, तर घ्यावीत का आणि कशी, हे विचारलंय.

मी पुण्याजवळ वडकीला असतो, वीसेक वर्षं गावरान, असील आणि कडकनाथ सांभाळतोय, अंडी मागवतो पण आणि पाठवतो पण, म्हणजे हे भांडण मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय. सगळ्यात आधी एकच विचारतो, उरलेली २२ अंडी फोडून बघितली का? तुम्ही लिहिलं नाहीये म्हणजे बहुतेक कचऱ्यात गेली. तिथंच सगळा पुरावा गेला बघा. कारण चूक कोणाची हे ना तुम्ही सांगू शकता ना तो, ते न उबलेलं अंडंच सांगतं. बाकी सगळं मी खाली सांगतोच, पण या एका सवयीनं मला जेवढं शिकवलं तेवढं कुणीच शिकवलं नाही.

करायचं कसं, तर २१ वा दिवस संपला की लगेच घाई नाही, अजून दोन दिवस थांबा, उशिराचं एखादं पिल्लू निघतं. मग गच्चीवरच बसा, स्वयंपाकघरात नको. एक जुनी पांढरी ताटली, एक चमचा, हातात ग्लोव्हज. अंड्याच्या रुंद बाजूला, जिथं आत हवेची पोकळी असते तिथं, चमच्याच्या पाठीनं टिचकी मारायची आणि कवचाची टोपी काढल्यासारखा वरचा भाग उचलायचा, आत नीट बघायचं आणि मगच ताटलीत ओतायचं. जे अंडं पाझरतंय किंवा ज्याला घाण वास येतोय ते मात्र फोडायचं नाही, ते हातात फटाक्यासारखं उडतं, सरळ पुरून टाका.

आता आत काय काय दिसतं. नुसता पिवळा बलक, रक्ताचा ठिपकासुद्धा नाही, तर ते एकतर फलितच नव्हतं किंवा जीव अगदी सुरुवातीलाच गेला. बलकावर रक्ताची बारीक लाल रिंग दिसली तर ते फलित होतं, मशीनमध्ये दोन-चार दिवस वाढलं आणि मेलं. काळा डोळा दिसतोय पण पिसं नाहीत, तर पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला गेलं. पिसं आलीत पण पिल्लू लहान आहे, तर दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. आणि पूर्ण तयार पिल्लू, पोटाबाहेर थोडा बलक अजून लोंबतोय किंवा चोच चुकीच्या टोकाला आहे, तर शेवटच्या तीन दिवसांत मेलं. ही पाच प्रकारची अंडी वेगवेगळी मोजून वहीत लिहा. पहिल्या प्रकारची जास्त निघाली तर बोट विकणाऱ्याकडे किंवा प्रवासाकडे जातं. लाल रिंगवाली जास्त असतील तर जुनी अंडी, प्रवासातली उष्णता, नाहीतर तुमच्या मशीनचं पहिल्या दिवसांतलं तापमान. मधल्या आठवड्यात मेलेली जास्त असतील तर अंडी फिरवली गेली नाहीत, लाइट बराच वेळ गेली, नाहीतर मूळ कोंबड्यांचं खाणंच निकृष्ट होतं. शेवटी मेलेली जास्त असतील तर आर्द्रता, हवा आणि प्रवासात हललेली हवेची पोकळी.

पहिल्या प्रकारात एक अडचण आहे. २३ दिवस गरम राहिलेलं अंडं फलित नव्हतं की आधीच मेलं होतं हे साध्या डोळ्यांना कळणं अवघड जातं. म्हणून मी मागवताना नेहमी दोन-तीन अंडी जास्त मागवतो आणि आल्या दिवशीच ती ताटलीत फोडतो. पैसे देऊन आणलेलं अंडं फोडायला जीवावर येतं हे मान्य आहे, पण बलकावरचा पांढरा ठिपका बघा. फलित नसेल तर तो ठिपका लहान, भरीव आणि वेडावाकडा असतो. फलित असेल तर जरा मोठा, गोल आणि कडेनं पांढरी कडी, बांगडीसारखी. तीनही अंड्यांत बांगडी दिसली तर कोंबडा काम करतोय एवढं तरी नक्की झालं, मग निकाल काहीही लागो तुम्ही त्या माणसाला "अंडी फलित नव्हती" म्हणणार नाही. आणि तिन्हींत नुसते ठिपके असतील तर त्याच दिवशी फोटो काढून पाठवा, २१ दिवस वाट बघायची गरजच नाही.

तुमच्या केसमध्ये माझा अंदाज सांगू का, ना त्याची लबाडी ना तुमचं मशीन, मारलं ते एप्रिलनं आणि चार दिवसांनी. समजून घ्या काय होतं. कोंबडी अंडं घालते तोवर आतला जीव तिच्या पोटातच साधारण एक दिवस वाढलेला असतो. बाहेर आल्यावर अंडं गार होतं आणि तो झोपी जातो. साधारण २० ते २१ डिग्रीच्या खाली तो शांत झोपलेला राहतो, म्हणून उबवणीची अंडी १५ ते १८ डिग्रीला ठेवतात आणि सात दिवसांच्या आत लावतात. सातव्या दिवसानंतर प्रत्येक दिवसाला निघण्याचं प्रमाण घसरत जातं. आता एप्रिलमध्ये बंद टेम्पोत, गोदामात पत्र्याखाली खोक्याच्या आत किती तापत असेल विचार करा, पुण्यातच दुपारी पारा ३८-४० ला जातो. एवढ्या गरमीत तो जीव अर्धवट जागा होतो आणि वाढायला लागतो, पण धड वाढण्याएवढी एकसारखी ऊब नसते, रात्री परत गार, दुसऱ्या दिवशी परत गरम. अशी दोन-तीन आवर्तनं झाली की तो तिथंच संपतो. मग जगातलं कुठलंही मशीन आणा, काही होत नाही. म्हणून मी मार्च अर्धा झाला की लांबून अंडी मागवणं बंद करतो, ते जूनचे दोन पाऊस पडेपर्यंत. सगळ्यात चांगला काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडची थंडी अंड्याला मारण्याइतकी पडत नाही, उष्णता मात्र मारते.

दुसरी गोष्ट म्हणजे हादरे. अंड्याच्या रुंद टोकाला दोन पापुद्र्यांच्या मध्ये हवेची पोकळी असते, पिल्लू शेवटी त्याच पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं आणि मग कवच फोडतं. सतत थरथर आणि आपटणं झालं की ती पोकळी जागची सुटते. बलकाला दोन्हीकडून धरून ठेवणारे पांढरे पीळ असतात तेही ढिले पडतात. बाहेरून अंडं अगदी नवं कोरं दिसतं, एक तडा नाही, आणि आत सगळं हललेलं असतं. पार्सलच्या अंड्यांची निम्मी गोष्ट इथंच ठरते. घरच्या अंड्यांची माझी दहातली आठ निघतात, तीच मशीन, तोच माणूस, पण प्रवास करून आलेल्यांची दहातली पाच निघाली तरी मी समाधानी असतो. तुम्हीही तेवढीच अपेक्षा ठेवा आणि जो कोणी "९५ टक्के गॅरंटी" म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका, कारण त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीची तो गॅरंटी देतोय.

माझी आत्या जुन्नरहून यायची तेव्हा दुधाची पितळी किटली घेऊन यायची, तळाला भाताचा कोंडा, त्यात टोक खाली करून अंडी, परत कोंडा, परत अंडी, आणि एसटीत ती किटली पूर्ण वेळ मांडीवर, खाली ठेवायची नाही. पुण्यात आल्यावर किटली देवघराशेजारच्या गार कोपऱ्यात रात्रभर तशीच, कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली. तिची एकही रवण वाया गेलेली मला आठवत नाही. आज मी जे जे सांगणार आहे ते सगळं त्या किटलीत होतं, गादी, टोक खाली, हादरा अंगावर घेणारी मांडी आणि रात्रभरची विश्रांती.

तर आता कोल्हापूरवाल्याचं. अंतर साधारण २३० किलोमीटर, एका रात्रीचा प्रवास, हे तमिळनाडूपेक्षा कधीही बरं. पण पैसे पाठवायच्या आधी त्याला फोन करा, मेसेजवर नाही, फोनवर, माणूस उत्तर कसं देतो त्यावरून बरंच कळतं. विचारा की कोंबड्याबरोबर किती कोंबड्या आहेत. एका कोंबड्यामागे आठ-दहा ठीक, वीस म्हणाला तर निम्मी अंडी रिकामी. विचारा की कडकनाथ वेगळे ठेवलेत की सगळ्या जाती एकत्र फिरतात. एकत्र असतील आणि तो म्हणाला की "तुमच्यासाठी उद्यापासून वेगळे करतो", तर लक्षात ठेवा की कोंबडीच्या शरीरात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं, त्यामुळे वेगळं केल्यावर तीन-चार आठवडे गेल्याशिवाय शुद्ध अंडं मिळतच नाही. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि ज्याला हे माहीत आहे तो माणूस बहुतेक वेळा कामाचा निघतो.

कडकनाथबद्दल अजून दोन गोष्टी, कारण यात फार फसवणूक चालते. एक, कडकनाथचं अंडं काळं नसतं. फिकट बदामी, दुधी रंगाचं असतं, गावरान अंड्यात मिसळलं तर ओळखूही येणार नाही. काळ्या अंड्यांचा फोटो टाकून कोणी विकत असेल तर तिथून निघा. दोन, काळेपणाचा गुण जबरदस्त असतो, कडकनाथ आणि गावरानचा संकर केला तरी पिल्लं बऱ्यापैकी काळी निघतात, म्हणून पिल्लू काळं आहे याचा अर्थ शुद्ध आहे असा होत नाही. मोठ्या पक्ष्यांचा व्हिडिओ मागा, दिवसाउजेडी काढलेला, चोच उघडून जीभ आणि टाळा दाखवलेला, तुरा आणि पाय दिसतील असा. मूळची ही जात मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली, तिथल्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर नावाला भाव आला आणि नावाखाली काहीही विकणारेही आले. तुम्हाला जर जातीचा आग्रह नसेल, नुसती घरच्या अंड्यांसाठी काटक कोंबडी हवी असेल तर एवढा खटाटोप कशाला, खडकीला पशुसंवर्धन खात्याचं अंडी उबवणी केंद्र आहे, तिथं आधी चौकशी करा.

कोंबड्यांचं वय विचारा. नुकती अंड्यावर आलेली तलंग असेल तर तिची पहिल्या महिना-दीड महिन्यातली अंडी लहान असतात आणि पिल्लंही कमजोर, मी आठ महिन्यांच्या पुढच्या कोंबडीचंच अंडं लावतो. खायला काय देतो ते विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं तारीख लिहायला सांगा. पेन नाही, मार्कर नाही, पेन्सिल. २४ अंडी जमवायला त्याला पंधरा दिवस लागत असतील तर पहिलं अंडं निघायच्या आधीच म्हातारं झालेलं असतं. त्याला स्पष्ट सांगा की पाच दिवसांच्या आतली जेवढी असतील तेवढीच पाठव, बारा असतील तर बारा. अंडी धुवायची नाहीत हेही सांगा, कवचावर एक नैसर्गिक साय असते ती जंतूंना आत जाऊ देत नाही, धुतली की ती जाते. घाण लागलेलं अंडं पाठवूच नको म्हणायचं. आणि साठवताना घरच्या फ्रिजमध्ये नको, तिथं ४-५ डिग्री असतं, ते खायच्या अंड्यांना ठीक. माठाशेजारची गार जमीन फ्रिजपेक्षा चांगली.

पॅकिंगचं लोक फार हलकं घेतात. मी पाठवतो तेव्हा प्रत्येक अंड्याला बबल रॅपची पट्टी गुंडाळतो, रुंद टोक वर ठेवून कागदी ट्रेच्या कप्प्यात उभं बसवतो, वरून दुसरा ट्रे उलटा, दोन्हीला चिकटपट्टी. तो ट्रे एका खोक्यात आणि ते खोकं त्याहून मोठ्या खोक्यात, मध्ये चारही बाजूंनी, वर आणि खाली दोन-दोन इंच तूस किंवा चुरगळलेला कागद गच्च भरलेला. बंद केल्यावर खोकं कानाशी धरून हळूच हलवायचं, आतून काहीही आवाज आला तर परत उघडायचं. खोक्याला दोन-चार बारीक भोकं, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद अजिबात नाही. हे सगळं त्याला व्हिडिओ कॉलवर करून दाखवायला सांगितलं तरी चालेल, चांगला विकणारा वाईट वाटून घेत नाही. पॅकिंगचे पन्नास-शंभर रुपये जास्त मागितले तर आनंदानं द्या.

पाठवायचं कसं, तर बरेच कुरियरवाले अंडी घेतच नाहीत, आणि सामान कपडे म्हणून लिहून पाठवलं की ते कपड्यासारखंच फेकलं जातं. कोल्हापूरहून रात्रीची ट्रॅव्हल्स सगळ्यात उत्तम, पण एक अट, डिकीत नाही. डिकी मागच्या चाकांजवळ असते, खाली इंजिनची गरमी, आणि वरून कोणाच्यातरी बॅगा पडतात. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये किंवा क्लीनरच्या सीटजवळ ठेवायला सांगा, वेगळे पैसे द्या, क्लीनरचा नंबर घ्या. मी असंच करतो. पहाटे साडेपाचला स्वारगेटला उभं राहायचं, गाडी आली की क्लीनरच्या हातातून खोकं थेट आपल्या हातात. बाईकवर मागे दोरीनं बांधून नेऊ नका, धायरीपर्यंतच्या स्पीडब्रेकरवर रात्रभर सांभाळलेलं सगळं जाईल. रिक्षा करा आणि मांडीवर घ्या. एका वर्षी मी घाईत स्कूटरच्या पायाशी ठेवून आणलं होतं, हडपसरच्या पुढं रस्ता खोदलेला, घरी येऊन कँडल केलं, म्हणजे अंधारात अंड्याला उजेड लावून आत बघितलं, तर ३० पैकी १९ अंड्यांच्या पोकळ्या सुटलेल्या. रात्रभराच्या प्रवासानं केलं की माझ्या त्या शेवटच्या पाऊण तासानं, आजही सांगता येत नाही, पण त्यानंतर मी खोकं मांडीशिवाय कुठंही ठेवलेलं नाही. आणि खरं विचाराल तर एखाद्या रविवारी स्वतः जाऊन घेऊन यावं हे सगळ्यात चांगलं, त्याच्या कोंबड्याही बघून होतात.

घरी आल्यावर ज्या चुकीनं सगळ्यात जास्त अंडी जातात ती तुम्हीही केली, आली तशी मशीनमध्ये. असं करू नका. खोकं उघडा, अंडी टोक खाली आणि रुंद बाजू वर करून ट्रेमध्ये उभी ठेवा आणि घरातल्या गार खोलीत चोवीस तास सोडा. कमीत कमी बारा तास. हललेला बलक आणि पोकळी त्या वेळात जेवढी जागेवर बसायची तेवढी बसते. पावसाळ्यात किंवा एसी गाडीतून आलेल्या अंड्यांवर दव धरतं, ते पुसायचं नाही, आपोआप सुकू द्यायचं, ओलं अंडं गरम मशीनमध्ये गेलं की जंतू छिद्रातून आत जातात.

मग अंधार करून मोबाइलचा टॉर्च लावा, त्यावर पुठ्ठ्याची नळी धरा आणि अंड्याच्या रुंद टोकाला टेकवा. पोकळी उजळ दिसते, तिची कड पेन्सिलनं आखून घ्या. आता अंडं हळूच थोडं तिरकं करा. कड जागेवर राहिली तर उत्तम. गवंड्याच्या लेव्हलमधला बुडबुडा सरकतो तशी पोकळी सरकली तर ती सुटलेली आहे. आणि एका बाजूनं खाली उतरून घोड्याच्या खोगिरासारखी दिसली तर ती अर्धवट सुटलेली. ही अंडी फेकायची नाहीत, नुसती वेगळी ठेवायची. त्यांना मशीनमध्ये आडवं झोपवायचं नाही, कागदी ट्रेचे कप्पे कापून, तळाला हवेसाठी भोक पाडून त्यात उभी ठेवायची आणि पहिले दोन-तीन दिवस अजिबात फिरवायची नाहीत. तुमच्या मशीनला रोलरवाली ट्रे असेल तर मोटर तेवढे दिवस बंद. त्यानंतर दिवसातून तीन-चार वेळा ट्रेच एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला तिरका करायचा, १८ व्या दिवसापर्यंत, आणि शेवटीही ती उभीच राहू द्यायची. यानं सगळी वाचतात असं नाही, पण नाहीतर जी शंभर टक्के गेली असती त्यातली काही निघतात.

मशीनबद्दल थोडक्यात. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ डिग्री, बिनपंख्याच्या मशीनला अंड्याच्या वरच्या उंचीवर साधारण ३८.५. स्क्रीनवरचा आकडा खरा मानू नका, ताप बघायचा चांगला थर्मामीटर आत ठेवून एकदा ताडून बघा, स्वस्त मशीनमध्ये एखाद-दुसऱ्या डिग्रीचा फरक मी कितीदा पाहिलाय. आर्द्रतेसाठी मी आकड्यापेक्षा वजनावर जातो. किचनमधला वजनकाटा घ्या, लावताना अंडं ५० ग्रॅमचं असेल तर १८ व्या दिवशी साधारण ४४ व्हायला पाहिजे, म्हणजे अकरा ते तेरा टक्के पाणी उडालं पाहिजे. कमी उडालं तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू आत गुदमरतं. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच एवढी ओली असते की मी पहिले १८ दिवस मशीनमध्ये पाणीच घालत नाही. शेवटच्या तीन दिवसांत मात्र ६५-७० टक्के हवीच, आणि झाकण उघडायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी.

वाराचं पण गणित ठेवा. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, ज्या वारी लावाल त्याच वारी पिल्लं. पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जाते ती बहुतेक गुरुवारी, म्हणून गुरुवारी लावायचं नाही. शनिवारी संध्याकाळी लावा, शनिवार-रविवारी पिल्लं निघतील तेव्हा तुम्ही घरी असाल. १९ वा दिवस गुरुवार येतो, पण तोवर पिल्लं स्वतःची ऊब धरतात, लाइट गेली तर मशीनवर गोधडी टाका, हवेची भोकं उघडी ठेवून, दोन-तीन तास निभावतात.

आणि गावरान खुडूक कोंबडी मिळाली तर मशीनच्या आधी तिला विचारा. कडकनाथ सहसा खुडूक बसत नाही, तिच्यावर अवलंबून राहू नका. गावरान मात्र दहा-बारा अंडी सहज सांभाळते आणि प्रवासातल्या अंड्यांचा निकाल माझ्याकडे तरी तिच्याखाली मशीनपेक्षा चांगला आलाय. दोन दिवस तिला साध्या अंड्यांवर बसू द्या, खरंच बसतेय याची खात्री करा, पिसांतल्या उवा-गोचीड बघून घ्या आणि मग रात्री अंधारात अंडी बदला.

रोगाचं मात्र कोणी बोलत नाही. अंड्याबरोबर पिल्लूच येतं असं नाही, आईकडून अंड्यातून उतरणारे रोगही येतात, साल्मोनेला पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा हे त्यातले मुख्य. म्हणून त्याच्याकडे मागच्या दोन महिन्यांत मर झाली होती का, मानमोडीची लस कधी दिली, हे फोनवर विचाराच. खोकं, तूस, कागद कोंबड्यांच्या जवळही नेऊ नका, जाळून टाका. निघालेली पिल्लं जुन्या कोंबड्यांपासून निदान महिनाभर लांब, आणि काम करताना आधी पिल्लं, मग मोठ्या कोंबड्या. पाच ते सात दिवसांचं पिल्लू झालं की लासोटा या मानमोडीच्या लशीचा थेंब डोळ्यात. आणि बर्ड फ्लूची बातमी आली की मागवणं बंद, तुमचा ओळखीचा कितीही चांगला असो. २००६ ला नवापूर, २०२१ ला परभणीचं मुरुंबा, दोन्ही वेळा बाधित गावाभोवतीचे पक्षी मारले गेले आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी लागली. अशा वेळी चोरून अंडी मागवणारा माणूस स्वतःचं नाही तर सगळ्या गावाचं नुकसान करतो, यावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

पैशाचं गणित मनात करून ठेवा. समजा अंडं ५० रुपयांना, २४ ची १२०० झाली, पॅकिंग आणि गाडी ३००, एकूण १५००. बारा निघाली तर पिल्लू १२५ ला पडलं, सहा निघाली तर २५० ला. तेवढ्यात चांगल्या माणसाकडून एक दिवसाचं तयार पिल्लू मिळत असेल तर अंडी मागवायची काहीच गरज नाही. जी जात पिल्लाच्या रूपात जवळपास मिळतच नाही तिच्यासाठीच हा उपद्व्याप. आणि विकणाऱ्याशी आधीच बोलून घ्या की फुटलेल्या अंड्याचा हिशोब तो करेल, फोडून बघितलेल्यात ठिपकेच निघाले तर पैसे परत, पण मशीनमध्ये किती निघाली याची जबाबदारी त्याची नाही. हे न्यायाचं आहे. मी अंडी विकतो तेव्हा याच अटीवर विकतो.

त्या तमिळनाडूवाल्याला मी तुमच्या जागी असतो तर एक फोन केला असता, भांडायला नाही, अंडी कुठल्या तारखेची होती आणि किती दिवस जमवली एवढंच विचारायला. कोल्हापूरची अंडी मात्र आता लगेच नको, दिवाळी होऊ द्या. तेव्हा आणलीत की आल्या रात्रीच्या कँडलिंगचे आणि सातव्या दिवसाचे फोटो मला पाठवा, पोकळीची पेन्सिलची रेघ दिसेल असे, कुठली ठेवायची आणि कुठली काढायची ते बघून सांगतो.